दुष्काळाच्या लेकी

फराळाचे ताट पुढे असताना दुष्काळाची गोष्ट काढू नये, हे मला कळते. पण आम्ही परभणीकडची माणसे. पाऊस हा आमच्या घरचा नित्याचा विषय, आणि तो सणावारीही उंबऱ्याबाहेर थांबत नाही. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी.

परभणीहून मनमाड, नगर करीत पुण्यास जाताना दौंड सोडले की केडगाव लागते. (नगरला लागून आहे ते केडगाव निराळे.) पंडिता रमाबाईंचे मुक्ति-सदन ते हेच. गाडीत हे नाव निघाले की कोणीतरी हमखास म्हणतो, "परदेशी पैशावर पोरी बाटवल्या." दुसरा म्हणतो, "निदान जगवल्या तरी!" मग कोणाचे तरी स्टेशन येते आणि वाद मिटतो. माझा पेशा मास्तरकीचा. त्यामुळे मला वेगळेच कुतूहल. पैसा आला कसा, आणि त्या पोरींना शिकवले कोणी?

गोष्ट सुरू होते ती १८७४ साली, दक्षिणेत. अनंतशास्त्री डोंगरे हे तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडणारे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला होता. दुष्काळ पडला, होते नव्हते ते संपले. अकरा दिवस या कुटुंबाने पाण्यावर आणि झाडपाल्यावर काढले. आधी वडील गेले, मागोमाग आई. आईची तिरडी उचलायला चार माणसे मिळेनात. दोघे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी सोळा वर्षांची रमा. तिची उंची कमी. खांदा पोचेना, म्हणून तिने तिरडी डोक्यावर घेतली. पुढे थोरली बहीणही गेली, आणि ही दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथे तिला 'पंडिता' ही पदवी मिळाली, हे आपण शाळेत वाचलेच आहे.

१८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे पुण्यात रमाबाईंची साक्ष झाली. मुलींच्या शाळांना स्त्री-शिक्षिका हव्यात आणि त्यांचा पगार पुरुषांहून अधिक हवा, असे त्यांनी सरकारला सांगितले. (आमच्या शाळेतल्या बाईंना मी हे वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी पेढे मागितले.) १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथून त्या अमेरिकेस गेल्या, आणि १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाले. गावोगावी मंडळे निघाली. सभासदाने वर्षाला एक डॉलर द्यायचा, आणि तो दहा वर्षे. अट अशी की, विधवांच्या या शाळेत कोणत्याही धर्माचा उपदेश करायचा नाही. परदेशी पैसा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही अट ध्यानात घ्यावी.

त्या डॉलरांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये त्यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाची एक मुळी अशी या सदनात आहे. त्याच साली वादळ उठले. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. काही मुली आपण होऊन येऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये भरणार होती. पुढे काय? म्हणून बाईंनी केडगावला शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावली. झाडांच्या उत्पन्नावर शाळा चालावी, परक्याच्या डॉलरकडे डोळे लावून बसू नये, हा हिशोब मला फार आवडतो. पण झाडांना फळ धरण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे वाटेवर मरत होती. बाईंना तेवीस वर्षांपूर्वीचा झाडपाला आठवला असणार. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशे मुली आणायचे ठरवले. लाहोरहून लाला लजपतरायांचे आर्यसमाजीही हिंदू अनाथांना न्यायला त्याच प्रांतात उतरले होते. पोर कोणाचे, हा वाद भुकेच्या रानातही चालूच होता. पुण्यात प्लेगचे निर्बंध. तेथे मुली ठेवता येईनात. मग त्या केडगावच्या मळ्यात, झोपड्यांत राहिल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या आणि संख्या दीड हजारांवर गेली.

आता बॉस्टनची अट उरली नव्हती. मुक्ति-सदन उघड ख्रिस्ती होते आणि पुष्कळ मुलींनी बाप्तिस्मा घेतला. येथे माझे मन अडखळते. ज्या पोरीला आईबाप नाहीत, तिच्या 'हो'ला किती अर्थ धरायचा? पण तिला दोन वेळचे अन्न, पाटी आणि हातात कसब मिळाले, हेही खोटे नाही. आणि शिकवले कोणी? काही परदेशी बाया होत्या. पण शारदा सदनात तयार झालेल्या मुलीच धाकट्यांच्या शिक्षिका झाल्या. पुढे शिक्षिका तयार करण्याचा वर्ग निघाला, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना निघाला. मुलगी मनोरमा हिने आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले.

१९०० च्या त्या दुष्काळात आमचा मुलूख निजामाचा. १८९१ ते १९०१ या दोन शिरगणतींच्या दरम्यान परभणी जिल्ह्यातली माणसे लाखाहून अधिक घटली. याच निजामी राज्यात, गुलबर्ग्याला, १९१२ च्या सुमारास रमाबाईंनी हायस्कूल काढले आणि मनोरमाबाई तिथल्या मुख्याध्यापिका झाल्या. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या, १९२२ च्या एप्रिलात रमाबाई. केडगावचे सदन अजून चालू आहे.

गुलबर्ग्याची शाळा निघाली तेव्हा माझी पणजी सात-आठ वर्षांची असावी. तिचा अंगठा उमटलेला जमिनीचा एक कागद आमच्या पेटीत आहे. दिवाळीच्या साफसफाईत तो दर वर्षी बाहेर निघतो, आणि घडी न मोडता मी तो परत ठेवतो.