दिल्लीचा फुटबॉल संघ आणि समर्थकांचा प्रश्न

फुटबॉलचा क्लब मालकाचा की समर्थकांचा, हा वाद इटलीसारख्या देशात जुना आहे. भारतात तो गेल्या दशकात ठळकपणे पुढे आला असून त्याचे एक महत्त्वाचे उदाहरण देशाच्या राजधानीत आढळते. दिल्लीचा संघ २०१९ मध्ये दुसऱ्या राज्यात गेला आणि २०२५ मध्ये दुसऱ्या शहरातील संघ दिल्लीत आला. या दोन्ही निर्णयांत समर्थकांना मत नोंदविण्याचा कोणताही औपचारिक अधिकार नव्हता.

दिल्ली डायनामोजचे स्थलांतर

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्यातील दिल्ली डायनामोज या संघाची मालकी प्रारंभी डेन नेटवर्क्स या कंपनीकडे होती. इटलीचा विश्वविजेता खेळाडू अलेस्सांद्रो देल पिएरो पहिल्याच हंगामात या संघाकडून खेळला. पुढे ब्राझीलचे रॉबर्टो कार्लोस आणि इटलीचे जियानलुका झांब्रोटा यांनी प्रशिक्षकपद सांभाळले. संघाने २०१५ व २०१६ मध्ये उपांत्य फेरी गाठली. याच काळात ‘डायनामोज अल्ट्राज’ या नावाने समर्थकांचा गट उभा राहिला. संघटित समर्थकांसाठी ‘अल्ट्रा’ हा शब्द इटलीतूनच जगभर गेला आहे.

जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर पाच हंगाम खेळल्यानंतर, ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस हा संघ भुवनेश्वरला हलविण्यात आला व त्याचे नाव ओडिशा एफसी असे ठेवण्यात आले. ओडिशा सरकारने त्या सुमारास क्रीडा सुविधांवर मोठा भर दिला होता. २०१७ ची आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा व २०१८ ची हॉकी विश्वचषक स्पर्धा भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर झाल्या होत्या. मालकांच्या दृष्टीने हा व्यवहार्य निर्णय होता. दिल्लीतील समर्थकांच्या दृष्टीने मात्र त्यांचा संघ नव्या हंगामाच्या तोंडावर नाहीसा झाला.

पुणे, हैदराबाद आणि पुन्हा दिल्ली

त्याच महिन्यात पुण्याच्या फुटबॉलप्रेमींवरही हीच वेळ आली. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी हा संघ बंद झाला आणि स्पर्धेतील त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. ‘ऑरेंज आर्मी’ हा पुण्यातील समर्थकांचा गट संघाविना उरला. त्याआधी २०१५ मध्ये पुणे एफसी व २०१० मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड हे संघ मालकांनी बंद केले होते. त्यामुळे महाराष्ट्राला हा अनुभव नवा नव्हता.

हैदराबादने २०२१-२२ च्या हंगामाचे विजेतेपद पटकाविले. मात्र त्यानंतर संघ आर्थिक अडचणीत सापडला आणि २०२४ मध्ये तो बी. सी. जिंदल समूहाकडे गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच संघ दिल्लीत हलविण्यात येऊन त्याचे नामकरण स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे करण्यात आले. दिल्लीला संघ मिळाला तो हैदराबादच्या समर्थकांचा संघ जाऊन. दरम्यान, मोहालीत पाया असलेला पंजाब एफसी २०२३-२४ पासून आपले घरचे सामने दिल्लीतच खेळू लागला होता.

कोलकात्याचे वेगळे चित्र

या प्रश्नाचे मूळ क्लबच्या रचनेत आहे. सुपर लीगमधील बहुतेक संघ कंपन्यांच्या मालकीचे आहेत. अशा रचनेत संघ कोणत्या शहरात खेळणार, हा व्यावसायिक निर्णय ठरतो आणि समर्थक केवळ तिकीट घेणारा ग्राहक राहतो.

कोलकात्यातील जुन्या क्लबांची स्थिती निराळी आहे. १८८९ मध्ये स्थापन झालेला मोहन बागान हा सभासदांचा क्लब आहे. २०२० मध्ये एटीके या संघाशी विलीनीकरण झाल्यावर नावापुढे ‘एटीके’ ही अक्षरे लागली. ती काढून टाकावीत यासाठी समर्थकांनी सातत्याने आंदोलन केले. अखेर मार्च २०२३ मध्ये विजेतेपद मिळाल्यानंतर संजीव गोएंका यांनी नाव बदलण्याची घोषणा केली. ईस्ट बंगालच्या समर्थकांनी जुलै २०२१ मध्ये गुंतवणूकदाराशी करार रखडल्याच्या निषेधार्थ क्लबसमोर निदर्शने केली. त्या वेळी पोलिसांनी लाठीमार केला होता.

इटलीतील अनुभव

समर्थकांची संघटित शक्ती नेहमीच विधायक ठरते असे नाही. इटलीत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अल्ट्रा गट वाढत गेले. एप्रिल २०१२ मध्ये जेनोआ संघ सामना हरत असताना अल्ट्रांनी खेळ थांबवून खेळाडूंना जर्सी उतरविण्यास भाग पाडले. सप्टेंबर २०१९ मध्ये युव्हेंटसच्या अल्ट्रा गटांच्या प्रमुखांना अटक झाली. तिकिटे व सवलतींसाठी क्लबवर दबाव आणल्याचा आरोप त्यांच्यावर होता आणि तक्रार क्लबनेच केली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मिलान शहरातील दोन्ही मोठ्या क्लबांच्या अल्ट्रा म्होरक्यांवर कारवाई झाली.

हिंसक प्रेक्षकांना मैदानबंदी करण्याची तरतूद इटलीने १९८९ च्या कायद्याने केली. फेब्रुवारी २००७ मध्ये कातानिया येथे सामन्याच्या वेळी पोलीस अधिकारी फिलिप्पो रासिती यांचा मृत्यू झाल्यावर नियम अधिक कडक करण्यात आले. तथापि, निर्बंधांमुळे शांतताप्रिय समर्थकही भरडले जातात, अशी तक्रार तेथे कायम आहे.

मधला मार्ग

काही देशांनी याहून वेगळी वाट शोधली आहे. जर्मनीत १९९८ पासून लागू असलेल्या नियमानुसार, मोजके अपवाद वगळता, क्लबमधील बहुसंख्य मताधिकार सभासदांकडे राहतो. युरोपीय फुटबॉल महासंघाने २०१२ पासून आपल्या स्पर्धांतील क्लबांना समर्थक संपर्क अधिकारी नेमणे बंधनकारक केले. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ मिल्टन कीन्सला हलविण्यास परवानगी मिळताच समर्थकांनी २००२ मध्ये एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला. तो २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला.

दिल्लीला फुटबॉलची परंपरा नाही, असे म्हणता येणार नाही. ड्युरँड चषक स्पर्धा १९४० मध्ये येथे आली व अनेक दशके राजधानीत रंगली. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या गढवाल संघासारख्या स्थानिक क्लबांना त्यांचा हक्काचा प्रेक्षक लाभला आहे. मात्र व्यावसायिक संघाच्या बाबतीत समर्थकांपाशी टिकाऊ बंध निर्माण होण्यासाठी काळ लागतो, आणि पाच-सहा वर्षांत संघच बदलला तर तो बंध तुटतो. स्थलांतरापूर्वी पुरेशी पूर्वसूचना व समर्थकांशी सल्लामसलत बंधनकारक झाल्यास हे नुकसान काही अंशी टळू शकेल. तोपर्यंत आज दिल्लीत तिकीट काढणाऱ्या समर्थकाला हा संघ येथेच राहील, याची हमी देणारी कोणतीही व्यवस्था नाही.