खरखरीपासून वाय-फायपर्यंत: मोटारीतील बिनतारी जोडणीची दुरुस्ती

मोटारीत बिनतारी यंत्र आले तेव्हाच त्याच्या दुरुस्तीचे कामही सुरू झाले. अमेरिकेत १९३० मध्ये गॅल्विन बंधूंनी ‘मोटोरोला’ हा मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. त्याची मोठी अडचण होती ती खरखर. इंजिनाच्या प्लगमधली प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी सोडते आणि त्या थेट एरियलमध्ये शिरतात. उपाय साधे होते: प्लगच्या तारेत रोधक घालायचा, डायनामोला कंडेन्सर लावायचा आणि बॉनेट पट्टीने बॉडीशी पक्के जोडून अर्थ करायचे. गाडीच्या वायरिंगची कामे करणाऱ्या कारागिरांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हाताने जपले. त्याची लेखी नोंद फार कमी झाली, ही खेदाची गोष्ट आहे.

हाच प्रवास आपल्याकडच्या एका गावाच्या संदर्भात पाहू. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. पुढे कुरुंदवाडलाही आगार झाले. १९६३ मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले, तेव्हा या पट्ट्याला जवळचे केंद्र मिळाले. जवळच्या केंद्राची लहर जोरकस असते, त्यामुळे इंजिनाची खरखर तिच्याखाली दबून जाते. त्या काळी रेडिओसाठी पोस्टातून दरवर्षी परवाना काढावा लागे. ही अट ऐंशीच्या दशकात गेली.

वाय-फायचे मूळ तांत्रिक मानक १९९७ चे, तर हे नाव १९९९ चे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला. यातला फरक दुरुस्ती करणाऱ्याच्या रोजच्या कामाचा आहे. पहिला पट्टा लांब पोहोचतो आणि भिंतीतून बरा जातो, पण त्यावर गर्दी असते. दुसरा वेगवान, मात्र भिंत मध्ये आली की लवकर थकतो.

ग्रामीण महाराष्ट्रात अनेकांची ‘गाडीतल्या वाय-फाय’शी पहिली ओळख मोटारीत झाली नाही, एसटीत झाली. २०१६ च्या सुमारास एसटी महामंडळाने गाड्यांमध्ये मोफत वाय-फायची पेटी बसवायला सुरुवात केली. तिच्यात इंटरनेट नव्हते. चित्रपट आणि मालिका पेटीतच साठवलेल्या असत. वाय-फाय जोडले गेले तरी फोन ‘इंटरनेट नाही’ असे सांगे आणि आपणहून मोबाइल डेटाकडे वळे. बिघाड नसतानाही बिघाड वाटण्याचा हा उत्तम नमुना. मोबाइल डेटा बंद केला की पडद्यावर चित्र येई. ही सेवा काही वर्षांतच थांबली.

टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिच्यात फोनवरच्या ॲपशी बोलणारी मोबाइल जोडणी होती. एसटीची पहिली विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. विजेच्या गाडीत ठिणगीचा प्लग नसतो, पण मोटारीला वीज पुरवणारा इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि मध्यमलहरींवर खरखर उठवतो. काही कंपन्यांनी तर विजेच्या गाड्यांतून मध्यमलहरींचा रेडिओच काढून टाकला. वाय-फायची वारंवारता यापेक्षा फारच वरची, म्हणून तिथे ही खरखर पोहोचत नाही. तिथला दोष वेगळीकडे शोधावा लागतो.

गाडी घरच्या वाय-फायला जोडली जात नसेल, तर दोष शोधण्याचा क्रम जुन्या वायरमनचाच आहे: आधी बाहेरचे, मग आतले. गाडी फोनच्या हॉटस्पॉटला जोडून पाहायची. जोडली गेली तर गाडी ठीक, घरच्या राउटरचे अंतर किंवा भिंत आड येते. पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचा वाडा आणि बाहेर बोळात उभी गाडी, असे असेल तर राउटर खिडकीशी आणणे हाच खरा उपाय. हॉटस्पॉटही दिसत नसेल तर तो २.४ गिगाहर्ट्झवर ठेवावा. नंतर जुनी नोंद पुसून सांकेतिक शब्द नव्याने द्यावा आणि पडद्याची यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करावी. गाडीच्या घड्याळातली तारीख चुकलेली असली तर जोडणी होऊनही सुरक्षित सेवा उघडत नाहीत. हे फार थोड्यांच्या लक्षात येते. शेवटी १२ व्होल्टची बॅटरी तपासावी. चाके फिरवणारी मोठी बॅटरी भरलेली असूनही पडदा आणि मोडेम या लहान बॅटरीवर चालतात. ती कमकुवत झाली की भलतेच दोष दिसू लागतात. उभी गाडी वीज वाचवण्यासाठी झोपते तेव्हाही ॲपवर जुनीच माहिती राहते. तो बिघाड नव्हे.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कुरुंदवाडच्या शिरोळ तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. अशा वेळी मोबाइल मनोऱ्याची आणि घरची वीज गेली की गाडीचे सिम आणि घरचे वाय-फाय दोन्ही मुके होतात. गाडी तरीही चालते. नकाशा मात्र आधीच उतरवून ठेवलेला असावा लागतो.

रेडिओच्या काळात सगळा दोष गाडीतच सापडे. आता त्याचा मोठा भाग कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि तिथे गावातल्या कारागिराचा हात पोहोचत नाही. जुनी गाडी विकताना आधीच्या मालकाने आपले खाते काढले नाही, तर नव्या मालकाला ॲप जोडता येत नाही. बॅटरी, एरियल, तारा सगळे ठीक असूनही मग आधीच्या मालकाने खाते सोडेपर्यंत किंवा कंपनीने कागद पाहून ते बदलून देईपर्यंत थांबावे लागते.