प्लगवरची काजळी आणि शिशाचा पत्ता

पेटच्या अभ्यासात 'नियंत्रित प्रयोग' आणि 'कार्यकारणभाव' हे शब्द तुम्ही पाठ करत असाल. आज हेच शब्द एका जुन्या गाडीच्या मदतीने समजून घेऊ.

गाडी आहे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मूळची इटलीची फियाट 1100. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर 2023 पर्यंत धावली. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं, कार्बोरेटरवर चालणारं. अशी गाडी धक्के देत, फटफट आवाज करत चालायला लागली की मुंबई असो की आमचं बदनापूर, मिस्त्रीचं निदान एकच: "गाडी मिसिंग मारतेय."

आता यामागचं विज्ञान बघा. कॉइलमधून आलेल्या हजारो व्होल्टनी प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडली की ठिणगी पडते. पण प्लगच्या आतल्या पांढऱ्या चिनीमातीवर काजळी साचली तर वीज त्या काजळीवरूनच निसटते. कारण कार्बन विद्युतवाहक आहे. मग फटीपाशी पुरेसा दाब तयारच होत नाही आणि त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर जातं.

नेमका कोणता सिलिंडर बिघडलाय, हे कसं ओळखायचं? जुन्या गाडीत मिस्त्री इंजिन चालू ठेवून, इन्सुलेशन असलेल्या पकडीने एकेका प्लगची वायर काढतो. (नव्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीवर हे करू नका.) वायर काढल्यावर इंजिन आणखी डगमगलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावायचा. मिसिंग प्लगबरोबर तिकडे गेलं तर दोष प्लगचा. जागच्या जागी राहिलं तर वायर, डिस्ट्रीब्युटर कॅप किंवा कॉम्प्रेशन तपासायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. नियंत्रित प्रयोग म्हणजे हेच.

पण प्लग दोषी निघाला म्हणजे कारण सापडलं असं समजू नका. त्यावरचा थर हा पुरावा असतो. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय: चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओला, तेलकट थर असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल वर चढतंय. फिकट तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. पॉलिश पेपरने प्लग घासून परत बसवला तर गाडी चालेल, पण थोड्याच दिवसांत तीच तक्रार येईल.

शिसंयुक्त पेट्रोलच्या काळात आणखी एक थर दिसायचा: पिवळसर, काचेसारखा. त्याची गोष्ट 1921 ची. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना आढळलं की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घातलं की इंजिनाचं नॉकिंग थांबतं. 1923 मध्ये ते बाजारात आलं. पण शिशाचे ऑक्साइड प्लगवर आणि व्हॉल्व्हवर साचू लागले. उपाय म्हणून पेट्रोलमध्ये एथिलीन डायब्रोमाइड मिसळलं गेलं. त्यामुळे शिशाचं ब्रोमाइड बनायचं आणि ते वाफ होऊन सायलेन्सरवाटे बाहेर पडायचं.

इथे थांबा आणि विचार करा. इंजिनाच्या दृष्टीने प्रश्न बराचसा सुटला. शिसं मात्र नाहीसं झालं नव्हतं. त्याने फक्त पत्ता बदलला: प्लगवरून हवेत, हवेतून मातीत आणि मुलांच्या रक्तात. शिसं मेंदूला घातक आहे. धोका माहीत नव्हता असंही नाही. 1924 मध्ये न्यू जर्सीत हेच रसायन बनवताना पाच कामगार दगावले होते. तरी भारतात 1995 मध्ये चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि फेब्रुवारी 2000 पासून ते देशभर लागू झालं. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, 2021 मध्ये थांबला.

यात आणखी एक पेच आहे. शिशाचा थर जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटचं झिजण्यापासून रक्षणही करायचा. शिसं गेल्यावर मऊ सीट असलेल्या इंजिनांत त्या झिजू शकतात, कॉम्प्रेशन गळतं आणि प्लग स्वच्छ असूनही गाडी मिसिंग मारते. तक्रार जुनीच, कारण मात्र नवं.

म्हणून संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा दोन प्रश्न वहीत लिहून ठेवा. मी जे मोजतोय ते कारण आहे की कारणाची खूण? आणि माझ्या उपायाने जे 'नाहीसं' झालं, ते गेलं कुठे? मिजली यांच्या काळात दुसरा प्रश्न विचारणारे कमी होते. त्याचं उत्तर मिळायला आणि मान्य व्हायला जवळपास शंभर वर्षं गेली.