हायब्रिड मक्याचे 'आई-बाप' कसे निवडतात?

हायब्रिड मक्याचं बियाणं पेरलं की ताटं एकसारखी उंच वाढतात, कणसंही भरदार येतात. पण हे बियाणं ज्या दोन वाणांपासून बनतं, ते मात्र खुरटे आणि बारीक कणसांचे असतात. मग संशोधक त्यांना निवडतात तरी कसे?

खुरटे वाण येतात कुठून?

मक्याचा तुरा म्हणजे नर फुलं, कणीस म्हणजे मादी. एरवी परागकण वाऱ्याने दुसऱ्या ताटावर जातात. संशोधक कणसाला पिशवी बांधतात आणि त्याच ताटाचे परागकण त्यावर टाकतात. सहा ते आठ पिढ्या असं केलं की गुण स्थिर होतात, पण जोम घटतो. हीच 'इनब्रेड लाइन'. अशा दोन वेगळ्या लाइनचा संकर केला की जोम परत येतो, हे अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज शल यांनी १९०८ मध्ये मांडलं.

जोडी जुळवायची कशी?

१०० लाइन असतील तर जोड्या होतात ४,९५०. एवढ्या शेतात तपासणं परवडत नाही. म्हणून आधी प्रत्येक लाइनचा संकर एकाच ठरावीक वाणाशी करतात. त्याला 'टेस्टर' म्हणतात. आता तपासायचे संकर उरतात १००.

हे संकर वेगवेगळ्या ठिकाणी, बाजारातल्या चांगल्या वाणांसोबत पेरतात. एका ठिकाणीही प्रत्येक संकर अनेक तुकड्यांत लावतात, कारण चांगल्या जमिनीचं श्रेय वाणाला मिळायला नको. उत्पादन, पक्वतेचे दिवस, रोग, ताटं लोळतात का, हे सगळं नोंदवतात.

दोन प्रकारची क्षमता

काही लाइन जवळपास कुणाशीही छान जुळतात. ही 'सर्वसाधारण संयोग क्षमता'. काही मात्र एखाद्याच जोडीदारासोबत चमकतात. ती 'विशिष्ट संयोग क्षमता'. हा फरक स्प्रेग आणि टॅटम यांनी १९४२ मध्ये स्पष्ट केला. अमेरिकेतली बी७३ आणि एमओ१७ ही अशीच गाजलेली जोडी.

शेवटी आणखी दोन गोष्टी पाहतात: मादी लाइन पुरेसं बी देते का आणि दोघांचा फुलोरा एकाच वेळी येतो का. नाहीतर बियाणं महाग पडतं.

शेतकऱ्यासाठी याचा अर्थ काय?

हायब्रिडच्या पिकातलं बी राखून पुन्हा पेरलं तर जुळवलेली जोडी विस्कटते. ताटं कमी-जास्त उंचीची होतात, उत्पादन घटतं. म्हणूनच दरवर्षी नवीन बियाणं घ्यावं लागतं.

थोडक्यात, इथे आई-बापाची परीक्षा त्यांच्या रूपावरून होत नाही, लेकरांच्या निकालावरून होते.