लिंबू नावाची मोटार

आपल्याकडे नवी गाडी दारात आली की चाकाखाली लिंबू ठेवतात. नारळ फुटतो, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं आणि घरातला कर्ता माणूस गाडी हातभर पुढे घेऊन ते लिंबू चिरडतो. गाडीला दृष्ट लागू नये, तिनं रस्त्यात दगा देऊ नये, हा त्यामागचा हेतू. अमेरिकेत मात्र दगा देणाऱ्या गाडीलाच लिंबू म्हणतात. शोरूममधून नवीकोरी आणली आणि पहिल्या महिन्यापासून गॅरेजच्या वाऱ्या सुरू झाल्या, अशी गाडी म्हणजे ‘लेमन’. अशा गाडीच्या मालकाला पैसे किंवा दुसरी गाडी मिळवून देणारा कायदा म्हणजे ‘लेमन लॉ’. या आंबट नावाच्या कायद्याची कुळकथा आज सांगायची आहे.

न्यू जर्सी राज्यात १९५५ च्या मे महिन्यात एका गृहस्थानं ‘मदर्स डे’ची भेट म्हणून बायकोसाठी प्लायमाउथ गाडी घेतली. दहा दिवसांनी ती बाई गाडी चालवत असताना स्टीअरिंगखालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला, चाक हातात गरकन फिरलं आणि गाडी विटांच्या भिंतीवर आदळली. तेव्हा गाडी जेमतेम ४६८ मैल चालली होती. पुढचा भाग इतका चेपला होता, की नेमकं काय तुटलं हे तपासून सांगणं कठीण झालं. कंपनीनं कराराच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवलं. तिथं हमी होती नव्वद दिवसांची किंवा चार हजार मैलांची. तीही कशाची, तर बिघडलेला भाग स्वखर्चानं कारखान्यात पाठवायचा, तो सदोष असल्याची कंपनीची खात्री पटली तर बदलून मिळणार. बाकी कोणतीही जबाबदारी आमची नाही! मोटार उत्पादकांच्या संघटनेनं हाच मसुदा ठरवून दिला असल्यानं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं, तरी तिथंही तोच कागद पुढे येई. १९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हा कागद बाजूला सारला. विकलेली मोटार चालवण्याजोगी असलीच पाहिजे, ही हमी बारीक अक्षरांत बुडवता येत नाही आणि गाडी नवऱ्याच्या नावावर असली तरी बायकोलाही दाद मागता येते, असा तो निकाल.

मला मात्र त्याच राज्यातला दुसरा खटला अधिक आवडतो. फेब्रुवारी १९६७ मध्ये स्मिथ नावाच्या गृहस्थांनी शेव्हरोले घेतली. बाई ती घेऊन घराकडे निघाल्या. घर अडीच मैलांवर. पाऊण मैलही झाला नसेल, सिग्नलला गाडी बंद पडली. सुरू केली, पुन्हा बंद. शेवटी ती खालच्या गिअरमध्ये कशीबशी रांगत घरी आली. नवऱ्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर बँकेला फोन करून चेक थांबवला. विक्रेत्यानं गाडी ओढून नेली, शोरूममधल्या दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स काढून हिला बसवला आणि ‘आता न्या’ म्हणाला. स्मिथ म्हणाले, नको. विक्रेत्यानं पैशासाठी दावा लावला आणि १९६८ मध्ये तो हरला. न्यायालयाचं म्हणणं असं, की नवी गाडी घेणारा माणूस मनाची निश्चिंती विकत घेत असतो. त्या विश्वासालाच तडा गेला, तर गाडी दुरुस्त करून देणं पुरेसं नाही.

याच सुमारास जॉर्ज अकरलॉफ नावाचे तरुण अर्थशास्त्रज्ञ जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहीत होते. गाडीतली खोट विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, चांगल्या गाडीचे मालक बाजारातून पाय काढून घेतात आणि उरतात ती लिंबं. एका नियतकालिकानं हा विषय क्षुल्लक ठरवून लेख परत पाठवला. ते नकाराचं पत्र अकरलॉफना मिळालं भारतात. १९६७-६८ हे वर्ष त्यांनी इथंच काढलं होतं. लेख १९७० मध्ये छापून आला आणि २००१ मध्ये त्या कामासाठी नोबेल मिळालं. त्यात आपल्या बायका बाजारातल्या तांदळातून खडे निवडतात, त्याचाही उल्लेख आहे. गंमत म्हणजे मोटारीतले खडे सुपात घेऊन निवडता येत नाहीत.

अमेरिकी संसदेनं १९७५ मध्ये हमीपत्रांचा कायदा केला. हमी ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ हे स्पष्ट लिहा, असं त्यात होतं. मोटार कंपन्यांनी निमूटपणे ‘मर्यादित’ लिहिलं. खरी कोंडी फुटली ती १९८२ मध्ये कनेक्टिकटमध्ये. तिथले आमदार जॉन वूडकॉक यांनी आणलेल्या कायद्यात आकडे होते. एकच दोष चार वेळा दुरुस्तीला नेऊनही गेला नाही किंवा गाडी एकूण तीस दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असं कायदा धरून चालतो. मग गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. कॅलिफोर्नियानंही त्याच वर्षी असे आकडे आपल्या कायद्यात घातले. पुढे पन्नासही राज्यांत या ना त्या रूपात हे कायदे झाले.

आपल्याकडे काय? ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २०२० मध्ये लागू झाला, त्यात उत्पादकाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. पण चार वेळा, तीस दिवस असा आकडा त्यात नाही. दोष मूळ उत्पादनातला आहे हे तज्ज्ञाच्या अहवालानिशी सिद्ध करायचं, ते ग्राहकानंच. २००६ मध्ये मारुतीच्या एका गाडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, हमी भाग बदलण्याची असेल तर भागच बदलून मिळेल, अख्खी गाडी नव्हे, असा निकाल दिला. गोव्यातल्या एका ग्राहकाला विक्रेत्यानं २०११ मध्ये नवी म्हणून दिलेली गाडी २००९ ची निघाली. तिथं २०२१ मध्ये न्यायालयानं विक्रेत्याच्या करणीसाठी कंपनीला जबाबदार धरलं नाही. म्हणूनच गॅरेजला गाडी दिली की दर वेळी तारीख आणि तक्रार लिहिलेलं जॉबकार्ड मागून घ्यावं, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. आपल्याकडे आकडे कायद्यात नाहीत, ते निदान आपल्या फायलीत असावेत.

मी हे सांगतो, कारण आमच्या घरी असं एक लिंबू होतं. वडिलांनी कित्येक वर्षं नंबर लावून मिळवलेली स्कूटर. कंपनीचं नाव सांगत नाही. पहिल्या दिवसापासून ती डावीकडे तिरकी केल्याशिवाय किकला दाद देत नसे. गॅरेजवाला म्हणे, सगळ्यांच्या अशाच असतात. परत करायची असते, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. चौदा वर्षांनी ती विकताना गिऱ्हाईक किक मारायला पुढे झालं, तेव्हा वडिलांनी त्याला थांबवलं आणि गाडी किती तिरकी करावी लागते, ते आधी करून दाखवलं. भाव अर्थातच पडला.