ओझ्याखालची फळी

कारखान्यात किंवा गोदामात मालाच्या थप्पीखाली लाकडी फळ्यांची एक चौकट ठेवलेली असते, ती तुम्ही पाहिली असेल. तिला पॅलेट म्हणतात. मराठीत तिला वेगळे नाव पडले नाही, कारण आपल्याकडे ती फार उशिरा आली. तोवर तिचे काम हमालाची पाठ करीत होती. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या सगळे झाले. पण माल कुणी उचलला, हे पाठ्यपुस्तकात कधी आले नाही. म्हणून आज या फळीविषयी.

आमच्या भिवापुरात माल म्हणजे मिरची. सातऱ्यावर बाया देठ खुडायच्या आणि मिरची तागाच्या बोऱ्यात भरली जायची. रिकाम्या बारदान्याचा हिशेब वेगळा असे. मिरचीचा बोरा पुढे धानाला, मग कोंड्याला, फाटला की ओसरीवर बसायला, आणि अगदीच चिंध्या झाल्यावर पाय पुसायला. चहाचे रिकामे खोके तर दुकानदाराकडून सांगून ठेवून आणावे लागे. त्यात पुस्तके राहत. याला कुणी 'पर्यावरण' म्हणत नव्हते. वस्तू टाकायची नसते, एवढेच ठाऊक होते.

आता पॅलेटकडे वळू. तिचा खरा प्रसार झाला दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकन सैन्याला दारूगोळा आणि धान्य झपाट्याने हलवायचे होते. फोर्कलिफ्टचे दोन दाते फळीखाली घालायचे आणि सगळी थप्पी एकदम उचलायची. युद्ध संपल्यावर हे सैन्य ऑस्ट्रेलियात बरीच यंत्रे आणि पॅलेट मागे ठेवून गेले. तिथल्या सरकारने ती मोडीत काढली नाहीत. ती भाड्याने फिरवण्यासाठी एक सरकारी संस्थाच काढली, आणि १९५८ साली ती एका खाजगी कंपनीला विकली. युद्धाच्या उरलेल्या लाकडातून असा जगभर पसरलेला धंदा उभा राहिला!

युरोपात १९६१ मध्ये रेल्वे कंपन्यांनी याहून सोपी युक्ती केली. सगळ्यांची पॅलेट एकाच मापाची, १२०० बाय ८०० मिलिमीटर. भरलेली द्या आणि तितक्याच रिकाम्या घेऊन जा. एक फळी तुटली तर तेवढीच बदलायची. म्हणजे आपल्या बारदान्याचाच हिशेब, फक्त लाकडाचा.

पण लाकूड देशोदेशी फिरू लागले तसे त्यातले किडेही फिरू लागले. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये पूर्व आशियातला एक लांब मिशांचा भुंगेरा सापडला. तो माल बांधायच्या लाकडातून आला असे ठरले. त्याच्यापायी पुढे हजारो झाडे तोडावी लागली. मग २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला: परदेशी जाणाऱ्या मालाखालचे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवा, नाहीतर मिथिल ब्रोमाइडची धुरी द्या, आणि तसा शिक्का मारा. गंमत म्हणजे हाच वायू ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९९२ मध्येच तो माँट्रियल कराराखाली आणला होता. झाडे वाचवण्यासाठी त्याला सूट द्यावी लागली! म्हणून जुन्या पॅलेटची लाकडे घरी आणणाऱ्यांनी शिक्का जरूर वाचावा. 'एचटी' म्हणजे तापवलेले, 'एमबी' म्हणजे धुरी दिलेले. दुसऱ्या प्रकारचे चुलीत घालू नये, त्याचा पाट किंवा पलंगही करू नये.

आता पाठीविषयी. पोते १०० किलोचे असे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव पोते ५० किलोचे व्हावे म्हणून वर्षानुवर्षे झगडले. पॅलेट आणि फोर्कलिफ्ट आली की पाठ वाचते, हे खरे. पण त्या पाठीवर जगणाऱ्याची रोजीही जाते, हेही तितकेच खरे. एकाचे कौतुक करताना दुसरे विसरू नये.

माझा पुतण्या बुटीबोरीला गोदामात आहे. त्याने विचारले, "काका, लाकडी पॅलेट वाईट आणि प्लॅस्टिकची चांगली ना? झाड वाचते." मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. लाकडी फळी दुरुस्त होते, दहा ठिकाणी फिरते, शेवटी मातीत मिसळते. प्लॅस्टिकची जास्त टिकते, पण मोडली की सांधत नाही. मात्र दोन्ही एका खेपेनंतर फेकल्या तर दोन्ही वाईटच. खरा प्रश्न असा की रिकामी परत आणायची कुणी? ऑस्ट्रेलियाने त्यासाठी संस्था काढली, युरोपने अदलाबदल ठरवली, आणि आमच्या अडत्याने वहीत बारदान्याचा रकाना ठेवला. जिथे रिकाम्याचा हिशेब ठेवणारा कुणी असतो, तिथे जंगल थोडे कमी तुटते.

आमच्या शेजारी उमरेड-कऱ्हांडलाचे जंगल आहे, म्हणून हे जरा जास्तच जाणवते. असो.