उंदीर पडला की लोक गाव का सोडायचे?

प्लेग म्हटलं की आपल्याला पुणे, रँड आणि चापेकर आठवतात. 22 जून 1897. पण त्या धामधुमीत खुद्द जंतू काय करत होता, हे मला तरी शाळेत कुणी सांगितलं नाही.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे तो मध्य प्रांतातही पोहोचला, आणि आपला भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला (2020 मध्ये लावला तोच!). घरझडत्या, जाळपोळ, रुग्णांना उचलून नेणं. सरकारचा सगळा रोख माणसावर. लोकांचं लक्ष मात्र उंदरावर. घरात उंदीर मरून पडला की बिऱ्हाड शेतातल्या झोपडीत.

याला अडाणीपणा म्हणू नका. उंदीर थंड पडला की त्याच्या पिसवा दुसरं गरम अंग शोधतात. पिसूच्या पोटात, साधारण 25 अंशांवर, जंतू चिकट थर करून तिचा घसा बुजवतो. उपाशी पिसू मग पुन्हापुन्हा चावते आणि चावताना जंतू ओकते. माणसाच्या अंगात 37 अंश लागले की तोच जंतू रूप पालटतो. त्याच्याकडे एलसीआरएफ नावाचं नियंत्रक प्रथिन आहे. ते बनवण्याचा आरएनएवरचा निरोप थंडीत घडी घालून मिटलेला असतो. उबेत घडी उलगडते, प्रथिन तयार होतं आणि हल्ल्याची जनुकं चालू होतात. प्रयोगशाळेत तर 37 अंशांवर कॅल्शियम कमी असलं की हा जंतू स्वतःची वाढ थांबवतो आणि बळ शस्त्रांवर लावतो. पोट आणि हत्यार, दोन्ही एकाच हिशेबात!

पिसूचा संशय पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत मांडला, पण बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. झडत्या मात्र जोरात.

हे आज का लिहितोय? 2018 मध्ये नागपूर विभागात स्क्रब टायफसने माणसं गेली. जंतू वेगळा, तो पसरतो बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून. पण ठिकाण ओळखीचं आहे: गवत आणि उंदीर, म्हणजे आपल्या धानाच्या बांध्या आणि धुरे. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, वेळेवर मिळालं तर जीव वाचतो.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्यानंतर आलेल्या तापाच्या रुग्णाचं अंग चाव्याच्या काळ्या खपलीसाठी तपासतात का? गावातल्या उंदरांचं बघतं कोण? येत्या ग्रामसभेत मी हे लेखी विचारणार आहे.